तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. शिपाई माझा चहा टेबलावर ठेवतो आणि मागे वळून न बघता जातो. पण त्या मंगळवारी सकाळी आलेला राग नेहमीचा नव्हता. हातात एक पिवळं पाकीट होतं आणि त्याच्यावरचं अक्षर माझ्या बाबाचं होतं.

थांबा. आधी माझं काम सांगते, नाहीतर काही कळायचं नाही.

रेल्वे चालवणारे वेगळे आणि रेल्वेवर नजर ठेवणारे वेगळे. आम्ही दुसरे, सरकारचं सुरक्षा खातं. पूल तपासणारे, रूळ तपासणारे, अपघात झाला की धावत सुटणारे असे मोठमोठे अधिकारी खालच्या दोन मजल्यांवर बसतात. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत, मी बसते. माझ्याकडे न झालेले अपघात येतात. देशातला कुणीही ड्रायव्हर, फाटकवाला किंवा सिग्नलवाला, ज्याच्या हातून चूक झाली पण नशिबानं कुणाला खरचटलं नाही, तो एक फॉर्म भरून आमच्याकडे पाठवू शकतो. फॉर्मवर तीनच प्रश्न. काय झालं? काय होऊ शकलं असतं? पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं? आणि अगदी वर एक पट्टी, नाव, पत्ता आणि फोनची.

मी फॉर्म वाचते, अडलं तर फोन करते आणि मग ती पट्टी कातरीनं कापून ज्याची त्याला पोस्टानं परत पाठवते. नाव आमच्याकडे उरतच नाही. बाकीचा कागद खाली तपासणाऱ्यांकडे जातो. कुणाची चौकशी नाही, कुणाला शिक्षा नाही, म्हणून तर माणसं खरं लिहितात. अकरा वर्षं मी पट्ट्या कापतेय. मागून सगळे मला कातरीबाई म्हणतात. मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं.

एक अपवाद आहे. धोका टळलेला नसेल, म्हणजे तोच माणूस उद्या पुन्हा तीच चूक करील अशी भीती असेल, तर पट्टी कापायची नाही. नाव मुख्य तपासनिसांच्या टेबलावर ठेवायचं. अकरा वर्षांत मी हे एकदाही केलं नव्हतं. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

तर ते पाकीट. बाबाची अक्षरं डावीकडे कललेली असतात, वळणावरच्या डब्यांसारखी. चौतीस वर्षं इंजिनात काढली त्यानं. मी उभ्या उभ्याच फॉर्म वाचला.

काय झालं? 'गेल्या गुरुवारी मालधक्क्यापुढच्या वळणावर सिग्नल पिवळा होता. मला हिरवा दिसला. मी मोठ्यानं हिरवा म्हणालो. असिस्टंटही हिरवा म्हणाला. वेग कमी केला नाही. पुढचा सिग्नल लाल होता. सगळे ब्रेक लावले. लालच्या अलीकडे दोन डब्यांच्या अंतरावर गाडी थांबली.'

काय होऊ शकलं असतं? 'लालच्या पलीकडे एक गाडी उभी होती. माणसांनी भरलेली.'

पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं? 'मला थांबवावं.'

मी खुर्चीत बसले. मग उठले. मग पुन्हा बसले. गुरुवारी हे झालं आणि रविवारी हा माणूस आमच्याकडे येऊन पोटभर जेवला! माझा गळका नळ दुरुस्त केला. वर मला म्हणाला, "तुझ्या नळाचं वॉशर आणि तुझं डोकं, दोन्ही लवकर तापतात." नळ तापत नाही, म्हटलं, तर म्हणे, "बघ, तापलं." आणि डोळ्यांबद्दल चकार शब्द नाही! सगळ्या देशाला पत्रानं कळवायचं आणि पोटच्या पोरीला सांगायचं नाही. डोक्यात नुसती तिडीक गेली माझ्या. आणि त्या तिडकीखाली भीती होती, हेही सांगते.

नात्यातल्या माणसाचा कागद आम्ही हाताळायचा नाही असा नियम आहे. मी कागद खणात टाकला, खण बंद केला, पुन्हा उघडला. अर्धा तास हेच चाललं होतं. मग उठून साहेबांकडे गेले.

आमचे साहेब म्हणजे अगदी गरीब गाय. पण नियमाला पक्के.

"साहेब, हा कागद मी बघू शकत नाही. माझ्या..."

"श्श!" त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "कोण ते सांगू नका. नातं आहे एवढंच सांगा."

"नातं आहे."

वडील ड्रायव्हर आहेत हे त्यांना ठाऊक होतं. मला ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून दोघंही गप्प बसलो. त्यांनी पट्टीवरचं नाव अंगठ्यानं झाकलं आणि कागद वाचला. तिसऱ्या उत्तरापाशी त्यांनी चष्मा काढला.

"यांची पुढची ड्युटी कधी?"

"परवा पहाटे. तोवर सुट्टी आहे."

"मग पट्टी कापता येणार नाही." ते हळू म्हणाले. "पण नाव वर देण्याआधी आपण माणसाला एक संधी देतो. त्यानं स्वतःहून डॉक्टरकडे जावं, खरं सांगावं. गेला, तर धोका टळला, पट्टी त्याची त्याला परत. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत नाही गेला, तर नाव वर जाईल. ते काम मी करीन. तुम्हाला करावं लागणार नाही."

"कागद माझ्या टेबलावर आला, साहेब. गरज पडली तर मीच ठेवीन तो." हे मी का म्हणाले कुणास ठाऊक. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या बापांच्या पट्ट्या हाताळल्या. स्वतःच्या बापाची आली की साहेबांच्या गळ्यात बांधायची, हे मला पटेना.

साहेबांनी फोन लावला. नियमाप्रमाणे पहिलं वाक्य म्हणाले. मी सुरक्षा खात्यातून बोलतोय, हे बोलणं कुठेही लिहून ठेवलं जाणार नाही. मग बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

"म्हणतायत, दुसऱ्या कुणाशी बोलणार नाही. ज्या बाईंकडे कातरी असते त्यांनाच द्या." ते खुर्चीतून उठले. "मी पाणी पिऊन येतो. मला बरीच तहान लागलीय."

पाण्याची बाटली त्यांच्या टेबलावर भरलेली होती.

मी रिसीव्हर कानाला लावला. "मी सुरक्षा खात्यातून बोलतेय," मी म्हणाले. आवाज कुणा भलत्याच बाईचा वाटला. "हे बोलणं कुठेही लिहून ठेवलं जाणार नाही."

"बोला बाई," बाबा म्हणाला.

जन्मात मला त्यानं 'बोला' म्हटलं नव्हतं. अगं, ए, वेडे, गधडे, याच्यापुढे कधी गाडी गेली नाही. आणि मीही त्याला कायम तूच म्हणत आलेय.

"तुम्हाला सिग्नल नक्की हिरवा दिसला?"

"दिसला असं वाटलं. आता वाटतं, मी आधीच ठरवलं होतं. त्या वळणावर नेहमी हिरवाच असतो."

"आणि तुमचा असिस्टंट? त्यालाही हिरवा दिसला?"

"तो चांगला पोरगा आहे हो बाई. पण माझ्या शब्दाबाहेर नाही. मी हिरवा म्हणालो, तो हिरवा म्हणाला. मी निळा म्हणालो असतो तरी तो निळाच म्हणाला असता."

हे बाहेरच्यांना कळायचं नाही, म्हणून सांगते. इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की मोठा ड्रायव्हर त्याचा रंग ओरडून सांगतो आणि लहान तो पुन्हा म्हणतो. दोघांच्या डोळ्यांनी खात्री व्हावी म्हणून ही पद्धत. पण लहानानं मोठ्याला खोटं कसं पाडायचं? हळूहळू तो सिग्नलकडे न बघता मोठ्याच्या तोंडाकडे बघायला लागतो. चार डोळ्यांचे दोन होतात.

"डोळे तपासून चार महिनेच झालेत तुमचे. पास आहात."

"तक्ता पाठ आहे, बाई. चौतीस वर्षं तोच तक्ता. रंगांचा दिवा दाखवतात, त्याचाही क्रम ठरलेला. आमच्यातल्या सगळ्यांना पाठ आहे. दिसत होतं तोवर ती गंमत होती. दिसेनासं कधी झालं, ते त्या गमतीत मला कळलंच नाही."

ती गंमत मलाही ठाऊक होती. मी पाच वर्षांची असताना बाबानं त्या तक्त्याची एक प्रत कुठून तरी आणून स्वयंपाकघराच्या दारामागे लावली होती. मी एक डोळा हातानं झाकून उभी राहायचे आणि तो लांबून लाटणं दाखवत विचारायचा. पुस्तकाआधी मी त्या तक्त्यावर अक्षरं शिकले.

"र, ठ, म," माझ्या तोंडून निघून गेलं. पाचवी ओळ.

"ग, प, ळ," पलीकडून बाबा म्हणाला.

"तुम्हाला कसा हो पाठ?" त्यानं विचारलं.

"ऐकलाय कुठे तरी."

"बाई, एक विनंती आहे. आमची मुलगी तुमच्याच ऑफिसात आहे. तिला हे कळू देऊ नका. तापट आहे, पण मनाला फार लावून घेते."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि त्याचाही मला रागच आला. "कुणालाही कळणार नाही," मी म्हणाले. "तसा नियमच आहे. पण उद्या पाचच्या आत तुम्ही डॉक्टरकडे जाऊन खरं सांगितलं नाहीत, तर तुमचं नाव मला वर द्यावं लागेल. मी देईन. माझ्याकडून सूट मिळेल असं समजू नका."

"म्हणून तर तुमच्याकडे लिहिलं," बाबा म्हणाला. "शुक्रवारी एकदा, शनिवारी एकदा, दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो होतो. पाय आत जाईनात. म्हटलं, कुणी तरी न घाबरणारं माणूस पाठीशी पाहिजे."

न घाबरणारं! काय माणसं असतात.

बुधवारी मी रजा टाकली. दुपारी रेल्वेच्या दवाखान्यापाशी गेले, तर बाबा बाहेरच्या बाकावर बसला होता. इस्त्रीचा गणवेश, पॉलिश केलेले बूट, गुळगुळीत दाढी. ड्युटीवर निघाल्यासारखा. मला बघून म्हणाला, "अरे वा, तू इकडे कशी?"

"डोकं दुखतंय," मी म्हणाले.

"दुखणारच. तापतं ना." तो उठला. "चल, आलीच आहेस तर."

डॉक्टर तरुण होते. त्यांना वाटलं, म्हातारा सवयीनं आलाय. त्यांनी बाबाला खुर्चीत बसवलं आणि समोरच्या तक्त्यावरचा दिवा लावला. माझ्या दारामागचाच तक्ता, फक्त नवा. बाबानं एक डोळा झाकला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं धडाधड म्हणून दाखवलं. कुठे अडखळला नाही. डॉक्टर हसले आणि पेन उघडलं.

आता नुसतं गप्प राहायचं होतं. बाबा उठला असता, आभार मानून बाहेर पडला असता आणि उद्याच काय, अजून दोन वर्षं गाडी चालवत राहिला असता. इंजिनाशिवाय बाबा कसा असतो ते मला ठाऊक नव्हतं. आणि क्षणभर, अगदी एकच क्षण, मला वाटलं, उठ बाबा. जाऊ या घरी.

तो उठला नाही. "डॉक्टर," तो म्हणाला, "हे मला पाठ आहे. दुसरा तक्ता लावा."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "दुसरा नाहीये. सगळीकडे हाच आहे."

"मग बनवा."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरचा मागच्या महिन्याचा कागद फाडला, उलटा केला आणि त्यांच्या टेबलावरचं जाड काळं पेन उचललं. फूटपट्टीनं तक्त्यावरच्या पाचव्या ओळीची उंची मोजली. बाबा पाठ फिरवून बसला. मी लिहायला लागले आणि माझ्या हातानं आपसूक काढला तो 'र'. त्याच्यापुढे 'ठ'.

हाताला सांगावं लागलं नाही. त्याला तेच लिहायचं होतं. मी 'म' काढला असता, तर बाबा पास झाला असता आणि ते डॉक्टरांच्या लक्षातही आलं नसतं. मला लालच्या पलीकडे उभी असलेली ती गाडी आठवली. माणसांनी भरलेली, असं त्यानं लिहिलं होतं. मी तो कागद चुरगळला, दुसरा महिना फाडला आणि मनाला येतील ती सहा अक्षरं काढली. भिंतीवर चिकटवला आणि बाजूला झाले.

बाबानं डोळा झाकला. मान पुढे काढली. मान तिरकी केली.

"पहिलं... 'भ' असेल."

'स' होता.

"दुसरं..." बराच वेळ गेला. पंखा गरगरत होता. मग त्यानं डोळ्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला. "दिसत नाही," तो म्हणाला. "डॉक्टर, मला दिसत नाही."

चौतीस वर्षं रोज हजारभर माणसं ज्याच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून झोपली, त्यानं हे दोन शब्द इतक्या साधेपणानं म्हटले की मी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग डॉक्टरांनी रंगांचा दिवा क्रम मोडून दाखवला. पिवळ्याला बाबा दोनदा हिरवा म्हणाला. मोतीबिंदू आहे, डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत. तो निघेल, पेपर वाचता येईल. रंगांचं काही सांगता येत नाही, अजून तपासण्या लागतील. गाडी मात्र आजपासून बंद. कागदावर त्यांनी वेळ लिहिली, चार वाजून दहा मिनिटं.

बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. मी पिशवीतून साहेबांनी काल माझ्याकडेच दिलेला फॉर्म काढला, कातरी काढली आणि पट्टी कापली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच पोस्टाचा खर्च वाचला. बाबानं ती घेतली, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"कळू देऊ नका म्हणालो होतो तुमच्या ऑफिसला," तो म्हणाला.

"आता ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस," मी म्हणाले. "रविवारी का नाही सांगितलंस?"

"तू रडली असतीस."

"मी ओरडले असते!"

"तेच ते. तुझं रडणं तसंच असतं." त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मग मी खरंच रडले, भर रस्त्यावर, नाकबिक पुसत. त्यानं आपला इस्त्रीचा रुमाल दिला.

जरा वेळानं मी फॉर्म त्याच्यापुढे धरला. "तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चुकलंय."

"का? थांबवलंत ना मला."

"तुला थांबवलं, दुसऱ्याला कोण थांबवणार? तुम्हा सगळ्यांना तक्ता पाठ आहे. आम्ही विचारतो, पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं. तू उत्तर नाही लिहिलंस, स्वतःला शिक्षा लिहिलीस. खोड ते."

बाबा बुटाच्या टाचेनं जमिनीवर हलकेच ठोके देत होता, विचार करताना नेहमी देतो तसे. "लिही," तो म्हणाला. "एक. दवाखान्यात चार तक्ते ठेवावेत, आलटून पालटून लावावेत. दिव्याचा क्रम रोज बदलावा. लिहिलंस?"

"लिहिलं."

"दोन. सिग्नलचा रंग आधी लहानानं ओरडायचा. मोठ्यानं तोवर तोंड बंद ठेवायचं. मग मोठ्यानं म्हणायचं. म्हणजे पोराला माझं तोंड बघत बसता येणार नाही, सिग्नलच बघावा लागेल."

मी लिहिलं. तो कागद नावाशिवाय खाली गेला. सात महिन्यांनी देशातल्या प्रत्येक इंजिनात त्याचा नियम झाला. तो कुणी सुचवला हे खात्यात कुणालाच ठाऊक नाही, आणि साहेबांना तर मुळीच नाही. ते पाणी प्यायला गेले होते.

पण ते नंतरचं. त्या दुपारी आम्ही बाकावरून उठलो आणि कोपऱ्यावर आलो. पलीकडे बसचा थांबा होता. मोठा रस्ता, दोन्ही बाजूंनी गाड्या, समोर पायी जाणाऱ्यांचा दिवा. बाबा सवयीनं पुढे झाला, तोंड उघडलं आणि थांबला. माझ्या कोपराला धरून एक पाऊल मागे आला.

"आधी तू म्हण," तो म्हणाला.

मी दिव्याकडे नीट बघितलं. लाल होता. थांबले. तोही थांबला. मग बदलला.

"हिरवा," मी म्हणाले.

"हिरवा," बाबा म्हणाला, आणि आम्ही रस्ता ओलांडला.